पल्सर 150 चा मागचा टायर कोकणात कोणत्या मापाचा घ्यावा?

बजाजने पल्सर 150 या एकाच नावाखाली मागच्या चाकाची दोन वेगवेगळी मापे दिलेली असल्यामुळे, टायर गोटा झाल्यावर दुकानात जाणाऱ्या ग्राहकाचा जो गोंधळ होतो, तो इतर गाड्यांच्या मालकांच्या वाट्याला सहसा येत नाही. एका डिस्कच्या, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेल्या गाडीला मागे 100/90-17 हा टायर येतो, तर 2018 मध्ये आलेल्या, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या दोन डिस्कच्या गाडीला 120/80-17. माझी गाडी एका डिस्कची आहे. तिला मूळ मापाचा टायर मी वापरला आहे आणि मध्यंतरी 110/80-17 हा टायर झिजेपर्यंत वापरून पाहिला आहे. माझ्या मावसभावाने अशाच गाडीच्या मूळ रिमवर 120/80 चढवलेला आहे आणि कार्यालयातील एका सहकाऱ्याकडे दोन डिस्कची गाडी आहे. रत्नागिरी, संगमेश्वर आणि राजापूर या टापूतील रस्त्यांवर या सर्व गाड्या मी चालवलेल्या आहेत, त्यामुळे हे परीक्षण मापांपुरते आहे. एमआरएफ, सीएट किंवा टीव्हीएस युरोग्रिप यांपैकी कोणती कंपनी सरस हा प्रश्न मी येथे घेतलेला नाही, कारण चुकीच्या मापाचा चांगला टायर हा शेवटी चुकीचाच टायर ठरतो.

टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांपैकी पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के उंची आहे हे सांगतो आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांमध्ये देतो. यावरून थोडे गणित केले की दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. 100/90-17 या टायरची बाजू 90 मिलिमीटर उंच असते, म्हणून पूर्ण चाकाचा व्यास सुमारे 612 मिलिमीटर होतो. 110/80-17 चा व्यास 608 च्या आसपास येतो आणि 120/80-17 चा 624. म्हणजे 110/80 लावल्याने चाक जवळजवळ तेवढेच राहते, उलट किंचित लहान होते, तर 120/80 लावल्याने ते सुमारे दोन टक्क्यांनी मोठे होते. दोन टक्के ऐकायला फार वाटत नाहीत, परंतु चाक मोठे झाले की गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब पडतो, म्हणजे चढावर इंजिनाची ओढ कमी पडते, आणि मागे माणूस व पिशव्या घेऊन आंबा घाट चढताना दीडशे सीसीच्या इंजिनाला तो फरक जाणवतो. ज्या गाड्यांचा वेग मागच्या चाकावरून मोजला जातो, त्यांचा काटाही त्या प्रमाणात कमी दाखवू लागतो.

व्यासापेक्षा मोठा प्रश्न रिमच्या रुंदीचा आहे आणि टायर विकत घेताना नेमके तेच कोणी विचारत नाही. अलॉय चाकाच्या आऱ्यांवर किंवा रिमच्या आतल्या बाजूला ‘17 × एमटी 2.50’ अशा धाटणीचा ठसा असतो, त्यातील शेवटचा आकडा म्हणजे रिमची रुंदी इंचांमध्ये. 100/90 या टायरसाठी अडीच इंचाची रिम प्रमाण मानली जाते, 110/80 साठीही अडीचच, 120/80 साठी पावणेतीन आणि 130/70 साठी साडेतीन. टायर ज्या रुंदीच्या रिमसाठी बनवलेला आहे तिच्यापेक्षा अरुंद रिमवर तो बसवला, की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि मधला भाग वर येऊन टायर टोकदार होतो. मागून पाहिल्यास टायर भरदार दिसतो, मात्र सरळ चालताना रस्त्याला लागणारा पट्टा उलट अरुंद झालेला असतो. ज्या रुंदीसाठी जास्त पैसे मोजले, ती रुंदी हवेतच राहते. मावसभावाच्या गाडीवर हे स्पष्ट दिसते, कारण टायरचा मधला पट्टा झिजत आला असताना त्याच्या कडेची नक्षी अजून नव्यासारखी आहे. ती गाडी डबल सीट असताना वळणात घातली, की मागचा भाग किंचित डोलतो आणि पुन्हा सावरतो. बाजूंना हवा तसा ताठ आधार मिळत नसल्याचा तो परिणाम आहे, आणि हवा वाढवून तो जात नाही.

येथे हमखास एक युक्तिवाद पुढे येतो, की कंपनीनेच दोन डिस्कच्या पल्सरला 120/80 दिलेला आहे, मग आपल्या गाडीला का नको? हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही, कारण त्या गाडीत कंपनीने केवळ मागचा टायर बदललेला नाही. पुढचा टायर 80/100-17 वरून 90/90-17 झाला, पुढचे शॉकअप 31 मिलिमीटरवरून 37 मिलिमीटर जाडीचे झाले आणि दोन चाकांमधील अंतर 1,320 वरून 1,345 मिलिमीटरपर्यंत वाढले. रुंद टायरमुळे गाडी वळणात उशिरा झुकते, म्हणून पुढचा भागही त्याला साजेसा करावा लागतो. सहकाऱ्याची गाडी चालवताना हा मेळ जाणवतो. ती गाडी माझ्या गाडीपेक्षा थोडी जड आणि संथ वळते, पण पुढचे आणि मागचे चाक एकाच विचाराने चालल्यासारखे वाटते. मागे 120 आणि पुढे मूळचा बारीक टायर अशी जोडी केली, तर हा विचार दोन चाकांत वाटला जातो.

कोकणात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो तो पावसामुळे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर चिकटणार आणि गाडी घसरणार नाही, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किती असेल हे मुख्यतः गाडीवरील वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवर ठरते. रुंद टायरचा हा भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. साचलेल्या पाण्यावरून जाताना आडव्या पसरलेल्या टायरला एका वेळी जास्त पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे पाण्यावर तरंगण्याची शक्यता अरुंद टायरपेक्षा त्याच्या बाबतीत लवकर निर्माण होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटवर जेथे पाणी तळ्यासारखे साचते, तेथे वेग धरून जाताना मला माझ्या मूळ मापाचा टायर जास्त भरवशाचा वाटला. कोरड्या रस्त्यावर दोन डिस्कच्या गाडीचा रुंद टायर ब्रेक लावताना नक्कीच अधिक शांत असतो, हे मान्य केले पाहिजे.

गावातल्या आडरस्त्यांवर शेवाळ धरलेला जांभा असेल, तर कोणतेच माप कामाला येत नाही, तेथे पाय टेकवत जाणे हाच उपाय. लाल चिखलाची गोष्ट मात्र निराळी आहे. मूळ मडगार्डच्या आत 120 चा टायर बसवल्यावर वरची आणि चेनच्या बाजूची जागा कमी होते. गाडी धुऊन उभी असताना त्यात काही खटकत नाही, पण पावसाळ्यात बांधावरच्या रस्त्याने गेल्यावर ती जागा चिखलाने भरते आणि तो चिखल खड्यांसह टायरवर घासत राहतो. टायर आणि चेन यांच्यामध्ये बोट सहज फिरले पाहिजे, आणि चेन ताणून चाक पुढे-मागे सरकवल्यानंतरही ते फिरले पाहिजे. मावसभावाच्या गाडीवर चेनकव्हरच्या आतल्या बाजूला घासल्याच्या रेघा आहेत.

110/80 बद्दल माझे मत बरेच अनुकूल आहे. तो मूळ रिमवर नीट बसतो, चाकाचा व्यास फारसा बदलत नाही आणि वळणात गाडी किंचित भरीव वाटते. आरे-वारेच्या वळणांवर, जेथे समुद्राकडून उडून आलेली वाळू रस्त्याच्या कडेला पसरलेली असते, तेथे तो मला मूळ टायरपेक्षा वेगळा वाटला नाही. टायरची बाजू दोन मिलिमीटरने कमी उंच असल्यामुळे खड्ड्याचा दणका थोडा जास्त बसतो, आणि आमच्याकडील खड्ड्यांचा विचार करता ही बाब अगदीच दुर्लक्षण्यासारखी नाही. त्याचा खरा फायदा भार वाहण्यात आहे. मापानंतर लिहिलेला ‘55पी’ (सहसा 100/90 वर) किंवा ‘57पी’ (सहसा 110/80 वर) हा उल्लेख भार आणि वेगाची मर्यादा सांगतो. 55 म्हणजे एका टायरवर 218 किलो, 57 म्हणजे 230 किलो, आणि ‘पी’ म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. मे महिन्यात मागे आंब्याच्या पेट्या बांधून नेहमी फेऱ्या करणाऱ्यांनी या बारा किलोंचा विचार जरूर करावा. मात्र बदलताना मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर, तो कितीही स्वस्त मिळत असला तरी, घेऊ नये.

स्प्लेंडरसारख्या 18 इंची चाकांच्या गाड्यांना 80/100 ऐवजी 90/90 बसवण्याची पद्धत आहे. तेथे व्यासात दोनच मिलिमीटरचा फरक पडतो, तरीही रिमवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 130 किंवा 140 चा टायर दीडशे सीसीच्या मूळ रिमवर बसवून देणाऱ्यांविषयी अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

माझ्या गाडीला मी पुन्हा 100/90-17 च बसवला आहे, कारण माझे बहुतेक चालवणे एकट्याचे आणि पावसाळ्यातले आहे. ज्यांना रोज डबल सीट जावे लागते त्यांनी 110/80 घ्यावा आणि 120/80 चा मोह दोन डिस्कच्या गाडीच्या मालकांपुरता ठेवावा. खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवरील चार आकडी ठसा अवश्य पाहावा. ‘2324’ असे असेल तर तो टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो, आणि किनाऱ्यावरील उन्हात बाहेर टांगून ठेवलेला जुना माल नवा म्हणून घेण्यात अर्थ नाही. बसवण्यापूर्वी रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावी, कारण खाऱ्या हवेने अलॉयच्या कडेवर पांढरी खरवड धरते आणि ट्यूबलेस टायरमधून तेथूनच हळूहळू हवा जाते. सोबत नवा व्हॉल्व्हही घालून घ्यावा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे की नाही, हे चाक गाडीला लावण्याआधीच तपासावे, आणि हवा भरताना दुकानदाराच्या अंदाजाऐवजी गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी व दोघांसाठी दिलेले वेगवेगळे आकडे वापरावेत.