टेललाइट काढण्यासाठी घेतलेला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच : वापरानंतरचा अभिप्राय

पांढरकवडा तालुक्यातील आमच्या गावाहून गॅरेजला जाऊन यायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा मागचा बल्ब बदलताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने टेललाइट उचकटल्यामुळे पत्र्याचा रंग खरवडला गेला होता. त्यामुळे या डिसेंबरात अंगणात कापसाची ट्रॉली मागे घेताना गाडीचा तोच दिवा फुटला, तेव्हा नवा दिवा मी स्वतःच बसवायचे ठरवले आणि उचकटण्याच्या पाच प्लास्टिक पट्ट्यांचा संच २४० रुपयांना मागवला.

डिक्की उघडली की दिव्याच्या आतल्या कडेला दोन बोल्ट दिसतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ते १० नंबरच्या पान्याने काढले, परंतु दिवा हलला नाही, कारण त्याची बाहेरची बाजू दोन गोल टोकांच्या खुंट्यांनी पत्र्यातील प्लास्टिकच्या बुशींमध्ये घट्ट बसलेली असते. खरी गरज येथेच या पट्ट्यांची पडते. शेजारच्या पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून मी रुंद पट्टी फटीत सरकवली, पण सकाळच्या थंडीत प्लास्टिक कडक होऊन करकरू लागल्याने थांबलो. दुपारी गाडी दोन तास उन्हात उभी केल्यावर त्याच पट्टीने थोडे थोडे रेटत, दिवा आडवा न ओढता सरळ मागे ओढताच तो खुंट्यांसह अखंड बाहेर आला आणि रंगावर एकही ओरखडा उठला नाही. दिवा फुटकाच असला तरी खुंटी तुटून बुशीत अडकली असती, तर ती काढताना नव्या दिव्याची जागाच बिघडली असती.

रुंद आणि दुहेरी टोकाची अशा दोन पट्ट्या उत्तम आहेत. दुसरीने वायरच्या कनेक्टरची कळ दाबली, त्यामुळे वायर ओढावी लागली नाही. सर्वांत पातळ पट्टीचे टोक मात्र पहिल्याच दाबाला मुडपले, आणि उरलेल्या दोन या कामात लागल्याच नाहीत. पाकिटात वापराची माहिती किंवा एखादे चित्रही नाही, ही विक्रेत्याची उणीव मला गंभीर वाटते, कारण चुकीच्या कडेला जोर दिल्यास पट्टी चांगली असूनही दिवा तुटेल.

नवा दिवा बसवताना बुशींमधील धूळ आणि कापसाचा तूस पुसून काढला व अर्थिंगचे टोक बारीक पॉलिश पेपरने घासले, कारण अर्थिंग खराब असेल तर ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मंद पेटतो. ब्रेकच्या बल्बमध्ये २१ आणि ५ वॅटच्या दोन तारा असतात, आणि त्याच्या बाजूच्या पिना वरखाली असल्याने तो एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून पाहावा. बोल्टही हातास लागेल इतकेच आवळावेत, अन्यथा प्लास्टिकला चीर जाते.

कापसाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॅक्टर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असतात, तेथे मागचा दिवा बंद ठेवून गाडी चालवणे मला मान्य नाही. संध्याकाळी मुलाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून दोन्ही दिव्यांचा उजेड गोठ्याच्या भिंतीवर सारखा पडतो हे पाहिल्यावरच गाडी बाहेर काढली. हा संच मी पुन्हा घेणार नाही. त्यातील रुंद व दुहेरी टोकाची पट्टी सुटी मिळाली, तर तेवढ्याच घ्याव्यात.