बेबेल राउटिंग: तीन मजले, तीन जुने राउटर आणि सहा महिने

पंचवटीतलं आमचं घर तीन मजली आहे. खाली दुकान, वर आम्ही, गच्चीवर मुलीची अभ्यासाची खोली. प्रत्येक मजल्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) टाकलेला एकेक जुना राउटर, 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅमवाला. दुकानाचं नेटवर्क घरापासून वेगळं हवं होतं, म्हणून तीन सबनेट, म्हणजे वेगवेगळ्या आयपी पत्त्यांची छोटी नेटवर्कं, केले. मग राउटरांना एकमेकांचे मार्ग कळवायला एखादा राउटिंग प्रोटोकॉल लागणारच.

आधी रिप हा जुना प्रोटोकॉल लावून पाहिला. सोपं आहे, पण ते फक्त टप्पे मोजतं. दुकान ते गच्ची थेट वायफाय म्हणजे एक टप्पा, मधल्या मजल्यावरून केबलने गेलं तर दोन. त्यामुळे दोन स्लॅब ओलांडून कसाबसा पोचणारा वायफायच त्याला जवळचा वाटायचा. चांगली केबल रिकामी आणि मुलीचा क्लास रोज संध्याकाळी अडखळलेला! वायफायचा मेट्रिक (मार्गाची मोजलेली किंमत) हाताने वाढवला, तर वेगळीच अडचण. केबलच्या मध्ये साधा स्विच आहे, त्यामुळे पलीकडची वायर निघाली तरी राउटरला पत्ता नसतो. रिप दर 30 सेकंदांनी निरोप पाठवतं आणि 180 सेकंद काहीच आलं नाही तरच मार्ग बाद करतं. म्हणजे तीन मिनिटं नेट गायब.

ओएसपीएफ या मोठ्या नेटवर्कांत वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलचा पसारा तीन डब्यांसाठी नकोसा वाटला. मे महिन्यात बेबेल हा तिसरा प्रोटोकॉल लावला (त्याचं प्रमाणपत्रक आरएफसी 8966, 2021). यात प्रत्येक जोडणीला एक किंमत असते आणि कमी किमतीचा मार्ग निवडला जातो. केबलची किंमत 96 आणि वायफायची, सिग्नल उत्तम असला तरी, 256. दोन केबली मिळून 192, म्हणजे निवड आपोआप बरोबर. पॅकेट गळू लागली की वायफायची किंमत आणखी चढते. पिंग (पलीकडून उत्तर येतं का हे तपासणारी आज्ञा) चालू ठेवून केबल उपटून पाहिली, दहा-बारा सेकंदांत उत्तरं पुन्हा सुरू. गणपतीत रोषणाईच्या माळा ओढताना ती खरोखरच तुटली, आणि घरात कुणालाच कळलं नाही. मला दुसऱ्या दिवशी मार्गांची यादी पाहताना दिसलं.

त्रासही सांगतो. फायरवॉलमध्ये यूडीपी 6696 (बेबेलचे निरोप ज्यावरून जातात तो पोर्ट) उघडायचं राहिलं होतं, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. डीफॉल्ट रूट (इंटरनेटकडे जाणारा मार्ग) पुढे पाठवायचा नियमही वेगळा लिहावा लागतो. शिवाय जिना चढताना फोनचा आयपी बदलतो, चालू कॉल तुटतो. हा दोष वेगळ्या सबनेटचा आहे, बेबेलचा नाही. सगळ्या घराला एकच नेटवर्क चालणार असेल तर यात पडूच नका, ब्रिज करा, म्हणजे सगळे राउटर एकाच नेटवर्कात जोडा.

आता समोरच्या गल्लीत दादाकडे चौथा राउटर बसवतोय, त्यावरही बेबेलच.