नऊ प्रश्नांचा कागद: घरी शून्य, बाहेर १४

पीएचक्यू-ए म्हणजे ११ ते १७ वयाच्या मुलांनी स्वतः भरायची नैराश्याची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांतले नऊ त्रास, प्रत्येकाला ‘अजिबात नाही’ ते ‘जवळजवळ रोज’ असे ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञाला गाठायचं. फुकट मिळते.

मी ती छापून पंधरा वर्षांच्या लेकीपुढे ठेवली आणि समोरच बसले. मार्क चांगले, मैत्रिणींत खिदळणं चालू. पण घरात साधं काही विचारलं तरी अंगावर यायची. मिनिटभरात तिने सगळीकडे ‘अजिबात नाही’ करून टाकलं. झोपेच्या प्रश्नाशी तेवढं पेन अडलं. तिथे आधी दुसऱ्याच रकान्यात खूण केलेली, ती गिरवून गिरवून काळी केली. बेरीज शून्य. मला हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

रात्री कागद पुन्हा वाचला. पहिल्याच प्रश्नात ‘उदास’, ‘निराश’ यांच्या जोडीला ‘चिडचिड’ होतं. मोठ्यांच्या प्रश्नावलीत हा शब्द नाही. या वयात नैराश्य रडण्यातून न दिसता चिडण्यातून दिसू शकतं, म्हणून तो मुद्दाम घातलेला. मी त्याला उद्धटपणा म्हणत होते. या एका शब्दासाठी पाचपैकी चार तारे.

नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो झाकून ठेवावा असं आधी मनात आलं होतं. पण विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. आणि तिथे ‘अजिबात नाही’ सोडून काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी मदत घ्यायची असते.

पाचवा तारा कापला, कारण आईने समोर बसून हे भरून घेऊ नये, असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं. शिवाय यावरून निदान होत नाही, आणि चिंतेच्या त्रासाबद्दल यात काहीच विचारलेलं नाही.

आठवड्याने समुपदेशकांनी तिला हाच कागद दिला, मला बाहेर बसवून. परत येताना तीच म्हणाली, “चौदा आले.” कागद मला कोणी दाखवला नाही. मीही मागितला नाही. झोपेचं मात्र विचारलं. “तीन,” म्हणाली.