आर्ट डेको इमारतीची देखभाल: नकाशे, लेझर स्कॅन की बीआयएम?

मुंबईत ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको (१९३०च्या दशकातली बांधकाम-शैली) इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत आल्या. वारसा असला तरी त्यातल्या बऱ्याच आरसीसीच्या, म्हणजे आत लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या आहेत आणि खरं दुखणं तिथेच आहे. खाऱ्या हवेने सळी आतून गंजते, फुगते. छज्ज्याला भेग दिसेपर्यंत गंज बराच पुढे गेलेला असतो. म्हणून सोसायटीला इमारतीच्या आकारापेक्षा तिच्या दुरुस्त्यांची नोंद जास्त हवी: कुठे, कधी, कोणत्या मालाने.

साधे मोजणी-नकाशे सर्वांत स्वस्त. साइटवरचा मुकादमही ते वाचतो आणि परवानगीच्या अर्जाला नकाशेच लागतात. पण कागदावर सगळं काटकोनात असतं. ऐंशी वर्षांच्या इमारतीत तसं काही उरलेलं नसतं.

लेझर स्कॅनमध्ये गोलाईच्या बाल्कन्या, जाळ्या, दर्शनी भागावरची अक्षरं मिलिमीटरच्या हिशेबात येतात. मात्र हाती लागतात ते नुसते बिंदू. तुळई कुठली आणि छज्जा कुठला हे त्यांना ठाऊक नसतं, प्लॅस्टरमागची सळी तर दिसतच नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या कराव्याच लागतात.

बीआयएम म्हणजे इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल, ज्यात प्रत्येक भागाला त्याची माहिती जोडलेली असते. त्यात छज्ज्यावर क्लिक केलं की त्याचा सगळा इतिहास समोर येतो. सिडनी ऑपेरा हाउसला ते शोभतं: छताच्या कवचांवर दहा लाखांहून जास्त टाइल्स आणि देखभालीला कायमची माणसं. आपल्याकडे कमिटी बदलली की पासवर्डही हरवतो! शिवाय सॉफ्टवेअरमधल्या तयार खिडक्या कारखानी मापाच्या; १९३०च्या दशकातली जाळी मॉडेलमध्ये हातानेच घडवावी लागते, आणि खर्च तिथे वाढतो. मला सर्वांत खटकतं ते हे की मोजलेली आणि अंदाजाने धरलेली स्लॅबची जाडी मॉडेलमध्ये सारख्याच ठामपणे दिसते. बीआयएम करायचंच असेल, तर प्रत्येक भागावर ‘मोजलेलं’ की ‘गृहीत’ हे लिहून घ्या.

कायमचा इंजिनिअर असलेल्या ट्रस्टने किंवा संस्थेने बीआयएम जरूर करावं. वीस-तीस फ्लॅटच्या सोसायटीला माझा सल्ला वेगळा: एकदाच नीट स्कॅन, त्यावरून नकाशे, प्रत्येक छज्ज्याला आणि बाल्कनीला क्रमांक, आणि एक साधी एक्सेल. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी करायचंच असतं. तो अहवाल याच क्रमांकांनी मागा. कंत्राटात मूळ स्कॅन ई५७ फाइलमध्ये आणि मॉडेल केलंच तर आयएफसीमध्ये (दोन्ही कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला न बांधलेले फाइल-प्रकार) सोसायटीच्या ताब्यात मिळेल, असं लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी त्याच सल्लागाराच्या दारात उभं राहावं लागेल.