गाडीसोबत आलेली चार्जिंग केबल: आठ महिन्यांनी रिव्ह्यू (केबलचा कमी, सॉकेटचा जास्त)

इलेक्ट्रिक गाडीची डिलिव्हरी घेतली तेव्हा डिकीत एक काळी पिशवी मिळाली, आत पाच मीटरची केबल, मध्ये विटेएवढा डबा आणि टोकाला साधा तीन पिनचा प्लग. भिंतीवरचा मोठा चार्जर लावायचाच होता, पण म्हटलं आधी हीच वापरून बघू, ते बघू बघू करत आठ महिने झाले आणि अजून हीच चालूये. केबलने तसा काही त्रास दिला नाही. जो दिला तो सॉकेटने, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तो डबा. सगळे त्याला चार्जर म्हणतात, मीपण म्हणायचो. खरा चार्जर, म्हणजे घरातल्या एसी करंटचा बॅटरीसाठी डीसी करणारा, गाडीच्या पोटातच असतो, डबा नुसता वॉचमन. अर्थिंग आहे का बघतो, करंट कुठे गळतोय का बघतो आणि गाडीला सांगतो की बाई इथून इतकेच अँपिअर ओढ. हे सांगायची पद्धत मला भारी आवडली, एका बारीक वायरवरून सेकंदाला १००० वेळा चालूबंद होणारा सिग्नल जातो, त्यात चालू वेळ १० टक्के असला तर ६ अँपिअर, साधारण २७ टक्के असला तर १६, आणि गाडी त्याच्या वर जात नाही. गन, म्हणजे केबलचं गाडीत खोचायचं टोक, लावली की दोन-तीन सेकंद शांतता आणि मग डब्यात टक्क आवाज येतो, तो रिले, म्हणजे करंट जोडणारा आतला स्विच. त्या टक्कच्या आधी गनच्या पिनांमध्ये करंटच नसतो, म्हणून पावसात लावताना जी धाकधूक वाटते ती गनची नको, प्लग आणि सॉकेट कोरडे आहेत ना ते बघा.

स्पीडचं म्हणाल तर स्लो आहे, त्यात काही लपवण्यासारखं नाही. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. माझी बॅटरी ४० युनिटची, २० टक्क्यांवरून ८० ला न्यायला बारा तास धरा. तासाला १२-१३ किलोमीटरची रेंज वाढते. ऐकायला कसंतरी वाटतं पण माझं रोजचं फिरणं ४०-५० किलोमीटर, म्हणजे चार तासांचं काम, आणि गाडी रात्रभर नुसती उभीच असते. ज्या देशांत घरात १२० व्होल्ट असतात तिथले लोक साध्या सॉकेटवर १.४ किलोवॅटवर भागवतात, त्यामानाने आपण सुखी. रोज दीड-दोनशे किलोमीटर असेल तर मात्र हा नाद सोडा.

आता मेन किस्सा. माझ्या केबलवर ६, १० आणि १६ अशी सेटिंग आहे. मी अर्थातच १६ वर ठेवली, सॉकेटवर १६ लिहिलंय ना मग झालं. तीन आठवड्यांनी एका रात्री पार्किंगमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास. प्लग काढायला गेलो तर चटका, आणि सॉकेटचं एक भोक कडेने चहाच्या रंगाचं झालेलं. वायरमनने बोर्ड खोलला, फेजचा स्क्रू बोटाने फिरत होता, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तुकडे पडत होते. तो म्हणाला "साहेब, गीझरला चालतं हे, गाडीला नाही". आणि बरोबरच आहे, गीझर पंधरा-वीस मिनिटात कट होतो, गाडी सहा-सात तास दम न घेता फुल करंट ओढते. हिशोब करून बघा, लूज जोडात ०.१ ओहम रेझिस्टन्स जरी असला तरी १६ अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता होते, म्हणजे भिंतीच्या आत एक सोल्डरिंग गन रात्रभर चालू ठेवल्यासारखं!! तेच १० अँपिअरला फक्त १० वॅट. आणि एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा बोर्डावरचा स्विच) पडत नाही कारण त्याच्या हिशोबाने करंट बरोबरच आहे, लूज कनेक्शन त्याला कळतच नाही.

मग मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी वायर, २० चा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि चांगला जाड सॉकेट, ज्यात प्लग ओढताना जोर लावावा लागतो. त्या लाईनवर दुसरं काहीही नाही. आणि तरी मी १० वरच चालवतो, घाई असली तरच १६. ६ वर मात्र कधी नाही, कारण चार्जिंग चालू असताना गाडीचे कॉम्प्युटर जागे असतात, ते आपलं आपलं खातात, करंट कमी केला की तेवढाच खर्च जास्त तास चालतो. १० वर मीटरला २७ युनिट पडले तेव्हा बॅटरीत साडेतेवीस गेले होते.

एक्स्टेंशन लावू नका. लावायचीच वेळ आली तर जाड वायरची आणि पूर्ण उलगडून, गुंडाळी तशीच ठेवली तर आत गरम होऊन वितळते. केबल इन्व्हर्टरवर लावून बघितली, डब्यावर लाल लाईट, अर्थिंग सापडत नाही म्हणून चार्जच करत नाही. काही जण त्यावर जुगाड सांगतात, मी करणार नाही, ती लाल लाईट माझ्यासाठीच आहे.

डब्याचं वजन प्लगवर लोंबकळत असतं, त्याने पिन हळूहळू सैल होतात, म्हणून भिंतीत खिळा मारून डबा तिथे अडकवलाय, हे कंपनीनेच द्यायला हवं होतं. चार्जिंगला लावून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून येतो, घरचे हसतात. कोमट असतो.

पाचपैकी चार. एक कापला तो लांबीसाठी, सहा मीटर दिली असती तर रोज गाडी रिव्हर्स घेऊन लावावी लागली नसती.