भगंदरावर उपचार घेतले, लाज सोडून लिहितोय

वर्षभर मूळव्याध समजून मलमं लावत बसलो, ती पुळी आपली फुगायची, फुटायची, पू जायचा, बसायची आणि परत तेच. शेवटी मित्राने या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की गुदद्वाराच्या साधारण २ सेंमी आत बारीक ग्रंथी असतात, एखादी तुंबून पिकली की गळू होतं आणि ते कातडीपर्यंत वाट काढतं, ती नळी म्हणजे फिस्टुला, आपलं भगंदर. बाहेरचं तोंड बुजलं तरी आतलं उघडंच, मग मलमाने काय होणार कपाळ! तिथे दोन गोल स्नायू असतात, आतला आपोआप चालतो, बाहेरचा आपण आवळतो, नळी त्यांच्यातून किती जाते ते एमआरआयमध्ये बघूनच उपचार ठरवतात कारण स्नायू जास्त कापला तर संडासचा कंट्रोल जाऊ शकतो. माझं क्षारसूत्र केलं, म्हणजे त्या नळीत औषध लावलेला दोरा ओवून ठेवतात, दर आठवड्याला तो दोरा बदलायचा, तेवढी पाच मिनिटं आई आठवते. बाकी स्टाफ चांगला, पण वेटिंग दीड तास आणि तेही लाकडी बाकांवर, आमच्यासारख्या पेशंटना, धन्य आहे! एक स्टार बाकांचा कापला.