हुर्राक की फेणी? एप्रिलमध्ये गोव्याला जाणाऱ्यांसाठी

एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ भागात गाडीची काच खाली केली की आधी वास येतो, गळून पडलेल्या पिकल्या बोंडवांचा म्हणजे काजूच्या फळांचा, गोड आणि किंचित आंबूस. या वासाचं पेय कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हुर्राक म्हणेन. फेणीला जास्त मान आहे, ते मान्य करूनही.

दोन्ही काजूच्या बोंडवाच्या दारू, मूळ एकच. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपसूक पडलेला वेचतात. बी वेगळी काढून बोंडू तुडवतात किंवा यंत्रात पिळतात. रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, वरून काही घालावं लागत नाही. तो भट्टीवर एकदा उतरवला, म्हणजे उकळून त्याची वाफ थंड करून गोळा केली, की हुर्राक. त्या हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा उतरवली की फेणी. हुर्राकात अल्कोहोल साधारण १५ टक्के, फेणीत ४२ टक्क्यांच्या पुढे.

हुर्राकाचा पहिला घोट मी नेहमी कोराच घेतो. जिभेवर आधी बोंडवाचा तुरटपणा, मग हलकी गोडी, आणि गिळल्यावर नाकात पुन्हा तोच फळाचा वास. त्यानंतर गोव्यातली रीत: भरपूर बर्फ, लिमका, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची नको म्हणू नका, तिच्या तिखटाने गोडी तोलली जाते. दहापैकी नऊ गुण. एक गुण कापला तो याच सोपेपणासाठी. सरबतासारखं लागतं म्हणून तिसरा-चौथा ग्लास सहज होतो, आणि हे बिअरच्या जवळपास तिप्पट कडक आहे. उन्हात तर फारच जपून.

फेणी पहिल्या भेटीत आवडेलच असं नाही. वास अंगावर येतो, घशात जाळ होतो. एका हॉटेलात पहिल्यांदा मला ती छोट्या ग्लासात, एका दमात प्यायला दिली होती. पुढची काही वर्षं मी तिच्या वाटेला गेलो नाही. पुढे एका मित्राच्या घरी रुंद ग्लासात थोडी ओतून दहा मिनिटं तशीच ठेवली, आणि वासातलं पिकलेलं फळ वेगळं कळू लागलं. तेव्हापासून मी तळहातावर थेंब चोळून आधी वास घेतो. फळाचा वास मागे राहिला तर माल चांगला, नुसता स्पिरिटचा आला तर परत ठेवायचा. चांगल्या फेणीला माझे आठ गुण, पण चांगली सापडेपर्यंत शोधावी लागते.

माडाची फेणी वेगळी, ती माडीची, म्हणजे नारळाच्या झाडाच्या आंबलेल्या रसाची. काजूपेक्षा मवाळ, आणि मोसमाची वाट बघायला लावत नाही. सात.

निर्णयाला खरा फरक पडतो तो टिकण्याने. हुर्राक मार्च ते मे मिळतो आणि त्याची चव लवकर बिघडते. पावसाळ्यासाठी राखून ठेवलेल्या बाटलीत मला तो वास पुन्हा कधी सापडला नाही. फेणी वर्षानुवर्षं राहते. म्हणून मोसमात दोनच दिवस हाताशी असतील तर दोन्ही संध्याकाळी हुर्राक घ्या. डिसेंबरात जात असाल तर फेणीच, तीही घाई न करता. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे भेट म्हणूनही तीच बाटली शोभते. मात्र गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि सीमेवर बांदा-इन्सुलीकडे गाड्या तपासल्या जातात. परवाना नसेल तर तिथेच प्या, बाटली गाडीत ठेवू नका.

गाडी चालवणाऱ्याला कोरडं ठेवू नका. भट्टीवाल्याकडे सकाळी लवकर जाऊन त्याच्यासाठी नीरो मागा, म्हणजे बोंडवाचा न आंबलेला ताजा रस. उन्हं चढली की तोही आंबू लागतो.